वार्निशवरची मुलगी

मी एक जुने तैलचित्र आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी भित्रे आहे. माझ्याकडे पाहून हे कुणाला खरे वाटत नाही. ज्याच्या अंगावर एवढा अजस्र प्राणी जबडा वासून बसला आहे, त्याला कसली आली भीती, असे लोक म्हणतात. पण मित्रांनो, भिंतीवर टांगलेल्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही, आणि आपल्याविषयी चाललेले बोलणे मात्र सगळे ऐकू येते. अशाने भ्यायचे नाही तर कुणी?

मला जिने रंगवले तिला सगळे आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणते. दिवसा ती औषधांच्या खोक्यांवरची चित्रे काढायची आणि सुटीच्या दिवशी मला. भाड्याच्या खोलीत खिडकीपाशी मी सात महिने उभे होते. तिने माझ्यावर गडद पाणी रंगवले. पाण्यात होडी, होडीत उभी एक पंख असलेली बाई. पंख मिटलेले, हातात उंच धरलेला कंदील. समोर पाण्यातून वर आलेला तो प्राणी. जबडा मगरीचा, शिंगे हरणाची, मानेवर माशाचे खवले आणि ओठांपाशी मांजरासारख्या लांब मिशा. मागे फिकट आकाश. रंग पुरते वाळल्यावर आत्याने कोपऱ्यात सही केली आणि माझ्यावर वार्निश चढवले.

वार्निश म्हणजे चित्राचा रेनकोट समजा. धूळ, धूर, वाफ सगळे त्याच्यावर बसते, खालच्या रंगाला काही होत नाही. खूप वर्षांनी तो मळला, पिवळा पडला, की जाणकार माणूस तो उतरवतो आणि नवा चढवतो. हे नीट लक्षात ठेवा. माझा जीव पुढे याच रेनकोटात अडकला.

आत्याचा थोरला भाऊ दातांचा डॉक्टर. त्याने दवाखाना उघडला तेव्हा आत्याने मला भेट दिले. डॉक्टरांनी मला हात लांब करून धरले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "झकास! तोंड काय मस्त उघडलंय याने. पेशंटला दाखवता येईल, अस्सा आ करा म्हणून."

आत्या पोट धरून हसली. सात महिन्यांच्या मेहनतीचा अर्थ भावाने असा एका दमात लावून टाकला होता.

मला बाहेरच्या खोलीत टांगले. समोरासमोर दोन बाके, पाच मिनिटे पुढे असलेले घड्याळ, मुखपृष्ठ गमावलेली मासिके, लवंगेच्या तेलाचा वास आणि आतून दाराच्या फटीतून येणारा यंत्राचा तो बारीक आवाज. त्या खोलीत खुशीत आलेला माणूस मी पाहिलेला नाही. सगळे जीव मुठीत धरून बसलेले. वाचण्यात लक्ष लागत नाही, बोलले तर दात ठणकतो, मग करणार काय? माझ्याकडे बघत बसत.

आणि काय काय अर्थ लावत! गाल सुजलेला एक ट्रकचालक रोज सांगायचा, "ही बाई म्हणजे डॉक्टर आणि हे जनावर म्हणजे माझी दाढ. बघा, कंदील घेऊन आत डोकावतेय." निवृत्त मुख्याध्यापिका यायच्या, त्यांच्या मते प्राणी म्हणजे काळ. "पंख का मिटलेत? काळापुढून उडून जाता येत नाही, म्हणून," असे त्या शेजारच्याला शिकवल्यासारखे सांगत. पुढचा दात तुटलेला एक तरुण दुसऱ्या दिवशी नोकरीच्या मुलाखतीला जाणार होता. तो बराच वेळ माझ्याकडे पाहून पुटपुटला, "होडीला वल्हंच नाहीये." एका शिंप्याला तर पंखांचीच काळजी. "हे पोलक्याला शिवलेत, खांद्याला नाहीत. जोराचा वारा आला की टाके उसवले म्हणून समजा." ज्याचे जळते त्याला कळते, हेच खरे. जो तो आपली काळजी माझ्यात बघायचा आणि जाताना ती माझ्याकडेच ठेवून जायचा. दाढ निघाली की ट्रकचालक मोकळा. पण जनावर म्हणजे दुखणे, हे माझ्या मनात घर करून बसले.

आकाशावरून तर दोन पक्ष होते. काही म्हणत पहाट आहे, काही म्हणत संध्याकाळ. सुरुवातीला पहाटवाले पुष्कळ होते. पुढे वार्निश पिवळे पडत गेले आणि एकेक करून सगळे संध्याकाळवाले झाले. पहाट होती हे मला ठाऊक होते, पण सांगणार कसे?

आता बोळकीची गोष्ट सांगते. डॉक्टरांची मुलगी, वय वर्षे सहा. पुढचे दोन दात पडलेले, म्हणून डॉक्टर तिला बोळकी म्हणत. तिची आई परिचारिका होती आणि तिची दोन वर्षांसाठी दूरच्या गावी बदली झाली होती. बोळकी शाळा सुटली की दप्तर घेऊन दवाखान्यात यायची आणि दिवेलागणीनंतर दवाखाना बंद होईपर्यंत माझ्यासमोरच्या बाकावर बसायची. तिचे पाय जमिनीला टेकत नसत. डॉक्टर पेशंटना कौतुकाने सांगत, "कित्ती शहाणी आहे बघा, हूं की चूं करत नाही."

ती हूं की चूं करत नव्हती, कारण माझ्यामुळे तिची पाचावर धारण बसलेली असायची. दप्तर तोंडासमोर धरून ती त्याच्या कडेवरून एका डोळ्याने जनावराकडे बघायची. ते हलले तर नाही ना, याची खात्री करून पुन्हा दप्तराआड जायची. दिवसातून असे किती वेळा, ते मी मोजले नाही. मोजायची हिंमत नव्हती. एका पोरीला आपण रोज घाबरवतो आणि थांबू शकत नाही, याचा मला फार त्रास व्हायचा.

जे डॉक्टरांना पाच महिन्यांत दिसले नाही, ते आत्याला पंधरा मिनिटांत दिसले. ती सुटीत आली होती. बोळकीच्या शेजारी बसली आणि तिने दप्तर हळूच खाली केले.

"काय गं, काय झालं?"

"तो मला गिळणार आहे," बोळकी कुजबुजली. "बाबांना सांगू नकोस. ते म्हणतील शहाणी मुलगी घाबरत नसते."

त्या रविवारी दवाखाना बंद होता. आत्या रंगांची छोटी पेटी घेऊन आली, बोळकीला सोबत घेऊन. चपला काढून बाकावर चढली. मग थबकली आणि स्वतःशीच म्हणाली, "हे काही खरं नाही. वार्निश झालंय. आधी ते उतरवायला हवं, मग रंग, मग पुन्हा वार्निश. पुढच्या सुटीत नीट करते."

"आत्ता कर," बोळकी म्हणाली.

आत्याने तिच्याकडे पाहिले आणि ब्रश उचलला. मित्रांनो, आत्याची चूक झाली ती इथे. रेनकोटावर चित्र काढले तर ते रेनकोटाबरोबरच जाणार, हे तिला पक्के माहीत होते. पण समोरची पोर पुढच्या सुटीपर्यंत थांबणारी नव्हती.

जनावराच्या मानेच्या वळणात तिने एक लहान मुलगी रंगवली. अंगठ्याएवढा चेहरा. खवल्यांना टेकून गाढ झोपलेली, तोंड किंचित उघडे, आणि एका हाताने जनावराची लांब मिशी घट्ट धरलेली.

"ही कोण?" बोळकीने विचारले.

"तूच. बघ, तुला गिळायला कुठे आलाय? तुला झोप लागावी म्हणून गातोय तो. गाताना तोंड उघडावं लागतंच ना."

"मग ती बाई कंदील घेऊन का आली?"

"तुला शोधत. घरी जायला उशीर झाला ना, म्हणून."

बोळकी आत्याशेजारी बाकावर चढली. मग तिने जनावराच्या नाकावर हलकेच बोट ठेवले. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले की माझ्यात काय आहे. इतक्या लोकांनी इतके अर्थ लावले, पण माझ्या मनातली धास्ती त्या एका झोपलेल्या पोरीने घालवली. दुसऱ्या दिवसापासून दप्तर बाकाखाली गेले.

पुढच्या सुटीत आत्या आली नाही. लांब नोकरी लागली, मग आजारपण आले, मग आत्याच राहिली नाही. ते नीट करायचे राहून गेले.

वर्षे गेली. रस्त्यावरची धूळ, अवजारे उकळायच्या भांड्याची वाफ, बाकावर बसून फुंकलेल्या विड्या, सगळे माझ्यावर साचत गेले. मान आधीच गडद, तिथली मुलगी काजळीखाली हळूहळू बुडाली. डॉक्टरांना ती कधी दिसलीच नव्हती. ते रोज माझ्यासमोरून जात, पण त्यांचे डोळे बाकांवरच्या गालांवर. मदतनीस बाई आठवड्यातून एकदा माझी चौकट पुसायच्या, आणि ते फडके आधी कुठे कुठे फिरून आलेले असायचे, ते मी सांगत नाही.

बोळकी मोठी झाली आणि तीही दातांची डॉक्टर झाली. दवाखाना आता तिने चालवायचा ठरले. खोलीचे रूप बदलायला एक सजावटवाला आला, त्याने मला पाहून तोंड वाकडे केले. "हे इथे? पेशंट आत यायच्या आधीच पळून जाईल. मोठा हसरा दात लावू, मस्त पांढरा."

"याच्यात एक झोपलेली मुलगी आहे," बोळकी म्हणाली. "आत्याने मला काढलंय."

डॉक्टर हसले. "तीस वर्षं बघतोय मी हे चित्र. मुलगीबिलगी काही नाही. लहानपणी स्वप्नात पाहिलं असशील."

"आपण ते साफ करून घेऊ. मुलगी नसेल तर लावा तुमचा हसरा दात, हे टाका माळ्यावर."

डॉक्टरांना तो चित्राचा हट्ट वाटला. पण ती भांडत होती एका आठवणीसाठी. ती घाबरली होती तेव्हा कुणाच्या तरी ते लक्षात आले होते, याचा एवढाच पुरावा तिच्याकडे होता.

तिच्या खुर्चीवर सकाळपासून पेशंट, म्हणून मला चित्रे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे पोहोचवायला डॉक्टर गेले. "मुलीचं सांगा त्यांना," असे तिने बजावले होते. डॉक्टरांना स्वप्नाची गोष्ट परक्या माणसाला सांगायची लाज वाटली. ते एवढेच म्हणाले, "मळलंय. स्वच्छ करा."

ते गृहस्थ दिवसभर काड्यांना कापूस गुंडाळत असत, म्हणून मी त्यांना कापूसकाका म्हणू लागले. आधी त्यांनी काजळी काढली. कशाने, सांगू? थुंकीने! हसू नका, खरेच सांगते. कापूस जिभेला लावायचा, माझ्यावर हलकेच फिरवायचा, काळा झाला की टाकायचा. जुन्या चित्राला याहून सौम्य पाणी नाही, असे ते म्हणत. तरी मी अंग चोरून घेत होते. आठव्या दिवशी मानेवरची काजळी गेली आणि मुलगी वर आली. तीस वर्षांत मला एवढा आनंद झाला नव्हता.

कापूसकाकांनी भिंग काढले. मग दिवे मालवून जांभळ्या उजेडाचा दिवा माझ्यावर धरला. त्या उजेडात वार्निश हिरवट चमकते आणि वार्निशवर कुणी नंतर रंगवलेले असेल तर ते काळे दिसते. मुलगी काळी दिसली.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे ही मूळची नाही."

माझ्या काळजात धस्स झाले. त्यांचे म्हणणे बिनचूक होते. चित्रकार सही करून, वार्निश चढवून चित्र पुरे करतो. त्यानंतर वर जे येते ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची लुडबूड असते, आणि प्रामाणिक कारागीर ती काढून मूळ चित्र परत देतो. पण मालकाला विचारल्याशिवाय काही काढायचे नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी फोन लावला. माझा जीव भांड्यात पडला. बोळकी फोन उचलेल आणि सगळे ठीक होईल!

बोळकीचे दोन्ही हात त्या वेळी पेशंटच्या तोंडात होते. फोन उचलला डॉक्टरांनी.

"मानेपाशी वार्निशवर थोडं नंतरचं काम आहे," कापूसकाका म्हणाले. "दुसऱ्या हाताचं वाटतं. काढू का?"

मुलगी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्यांच्या धंद्यात असेच बोलतात. आणि डॉक्टरांनी उत्तर दिले ते त्यांच्या धंद्यातले. कुणीतरी नंतर भरलेला दात समोर आला की ते आधी ती भर काढतात, खालचा मूळ दात बघतात, मगच पुढचे बोलतात.

"काढा ना," ते म्हणाले. "विचारायचं काय त्यात? माझ्या बहिणीचं जेवढं आहे तेवढंच ठेवा."

बहिणीच्या प्रेमापोटीच बोलले बिचारे. कापूसकाकांनी नियम पाळला, डॉक्टरांनी विचारल्यावर उत्तर दिले, सगळ्यांनी आपापले काम चोख केले, आणि माझ्या मानेवरच्या पोरीचा घात ठरला.

कापूसकाकांनी वार्निश विरघळवणाऱ्या औषधाची बाटली उघडली. त्या वासाने मला गुंगी आल्यासारखे झाले. काडी बुडवली, निथळली आणि मिशीपाशी टेकवली. गोल, गोल, सावकाश. कापूस आधी पिवळा झाला, मग गुलाबी. ती गुलाबी छटा म्हणजे बोळकीचा हात होता. मी मनातल्या मनात किंचाळत होते. होडीतली बाई कंदील धरून उभी होती आणि काही करू शकत नव्हती. सात महिने खपून आत्याने एवढे मोठे जनावर माझ्यात उभे केले, पण त्या काडीवर गुरगुरायला त्याला आवाज दिला नव्हता.

फोन वाजला. कापूसकाकांनी पाहिले नाही. ओले औषध अर्धवट सोडता येत नाही, खालचा रंगही विरघळू लागतो, म्हणून हातातली जागा कोरडी करूनच उठायचे. फोन थांबला. पुन्हा वाजला. मनगट गेले. पुन्हा वाजला. त्यांनी कोरडा कापूस फिरवला, काडी डब्यात टाकली, हात पुसले आणि फोन उचलला. पलीकडचा आवाज मला टेबलावर ऐकू आला.

"थांबा! हात लावू नका! मी येतेय!"

बोळकी आली ती अंगात दवाखान्याचा पांढरा कोट, गळ्यात अर्धवट लोंबणारा मास्क, आणि मागे धापा टाकत डॉक्टर. खुर्चीवरचा पेशंट तोंडात कापसाचा बोळा घेऊन तसाच वाट बघत होता, असे मागाहून कळले. डॉक्टरांनी फोन ठेवून मोठ्या अभिमानाने तिला सांगितले होते, की मानेपाशी कुणीतरी लुडबूड केली होती, ती काढायला सांगितली.

ती माझ्यावर वाकली. मुलगी होती. हात नव्हता.

"ही आत्याने काढलीय," ती म्हणाली. "माझ्यासमोर. बाकावर चढून."

कापूसकाका अवघडले. "ताई, वार्निशच्या वर आहे हो. खुद्द चित्रकार असं कशाला करेल?"

"मी थांबायला तयार नव्हते, म्हणून."

डॉक्टरांनी भिंग उचलले आणि झोपलेल्या मुलीच्या उघड्या तोंडावर धरले. मग अगदी हळू म्हणाले, "वरचे मधले दोन पडलेत. त्यांच्या डावीकडचा जरा आत वळलाय. हा मी बघायचो रोज, सरळ होतो का म्हणून." त्यांनी भिंग खाली ठेवले. "ही तूच आहेस गं."

ज्या माणसाला चेहऱ्यात आधी दात दिसतात, त्याने आपली मुलगी दातांवरून ओळखली. मी रडले असते, पण वार्निश ओले करून चालत नाही.

"तू घाबरायचीस? मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या हातात सारखा कुणाचा तरी दात असायचा बाबा."

कापूसकाकांनी खाकरून पुढचे विचारले. मुलगी ठेवायची तर तिच्याखालचे वार्निशही ठेवावे लागेल. बाकी चित्र उजळेल, आकाश पहाटेचे होईल, पण तिच्याभोवती तळहाताएवढा पिवळा डाग राहील. "आणि हात मी पुन्हा रंगवून देतो. कुणाला कळणारसुद्धा नाही," ते म्हणाले.

"डाग राहू दे," बोळकी म्हणाली.

"आणि हात रंगवू नका," डॉक्टर म्हणाले. "तो मी पुसायला लावलाय. मला दिसू दे."

मी परत आले त्या दिवशी दवाखाना बंद होता. मला टांगून झाल्यावर बोळकी आत गेली. डॉक्टर बाहेरच उभे होते. मग ते समोरच्या बाकावर बसले. एवढ्या वर्षांत स्वतःच्या त्या बाकावर ते पहिल्यांदाच बसत होते. थोडे खाली घसरले, सहा वर्षांच्या मुलाचे डोके जिथे येईल तिथे डोके आणले आणि वर माझ्या जबड्याकडे पाहिले. पाच मिनिटे झाली, दहा झाली.

"बोळके," त्यांनी आत हाक मारली. "खरंच भीती वाटते गं इथून."

ती दारात आली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

मित्रांनो, मी अजून टांगलेले आहे आणि माझा भित्रेपणा काही गेलेला नाही. सोमवारी ओले फडके घेऊन कुणी आत आले की मला घाम फुटल्यासारखे होते. म्हणून हात जोडून सांगते. कुठे जुने काही पुसायला निघालात, तर आधी विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारले, तर लांबून उत्तर देऊ नका, जवळ येऊन बघा. माझ्या जनावराच्या मानेवर जो पिवळा डाग दिसतो, ती घाण नाही. त्यात एक मुलगी झोपली आहे, तिला एकच हात उरला आहे, तेवढा सांभाळा.